काकांचं नाक आणि जिताड्याचं खाणं

माझे चुलत सासरे कुठलीही गोष्ट आधी हुंगायचे आणि मग तिच्याबद्दल बोलायचे. दूध, भाकरी, नवं धोतर, पाहुण्याने आणलेला मिठाईचा पुडा, सगळं. तळ्यात पोसलेल्या जिताडा माशांसाठी खाद्याचं पोतं आलं की शिवण उसवून ते गळ्यापर्यंत डोकं आत घालायचे आणि बाहेर आल्यावर कानाला लागलेली भुकटी झटकत निकाल सांगायचे. गावात त्यांना ‘नाकवाले काका’ म्हणत. त्यांना त्याचा अभिमान होता. मला मात्र त्या नाकाने फार छळलं.

चिकूच्या वाडीपलीकडे, खाडीकाठच्या खाजणात आमची दोन तळी आहेत. यजमान नोकरीवर, म्हणून तळ्यांचं काम काका आणि मी पाहायचो. माझा विश्वास वजनकाट्यावर. किती खाद्य टाकलं, किती उरलं, मासा किती ग्रॅमनी वाढला, हे लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. काका म्हणायचे, “सूनबाई, तुझी वही जेवढी फुगते तेवढे मासे फुगले असते तर घरात जागा उरली नसती.”

एके वर्षी तलासरीच्या खाद्यवाल्याने सांगितलं, माशाचं तेल आता पुरेसं मिळत नाही. खाद्यातलं ते बरंचसं काढून सोयाबीनचं आणि जवसाचं तेल घालून पाहू या. मला पटलं. एक मासा पोसायला समुद्रातले ढीगभर बारीक मासे पिळायचे, हे गणित मला कधीच बरोबर वाटलं नव्हतं. काकांनी नव्या पोत्यात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

“फरसाणाच्या दुकानाचा वास येतोय. जिताडा आहे तो, एकादशी धरणारा नाही.”

तरी मी हट्टाने ठरवलं. वरच्या तळ्यात जुनं खाद्य, खालच्या तळ्यात नवं. दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडचे दहा-दहा मासे जाळ्यात घेऊन तोलायचे. सहा वेळा तोलले. फरक जेमतेम पाच-सात ग्रॅमचा. मी खूष होऊन खाद्यवाल्याला फोनवर सगळे आकडे वाचून दाखवले.

सातव्या वेळी मी नेहमीपेक्षा लवकर तळ्यावर गेले. काका खालच्या तळ्याकडे चालले होते आणि त्यांच्या मागे चार मांजरी ओळीने. हातात झाकलेली बादली. झाकण उचललं, तर आत सुक्या बोंबलांच्या डोक्यांचं पाणी! नवं खाद्य टाकण्याआधी ते त्यावर शिंपडून मुरवत होते. रोज. तीन महिने.

“काका, हे काय करून ठेवलंत? सगळी मोजणी वाया गेली!”

“मोजणी गेली, मासे नाही गेले,” ते शांतपणे म्हणाले. “पहिले चार दिवस वर यायचे, तोंड लावायचे आणि थुंकून टाकायचे. तू नऊ वाजता वही घेऊन येणार, तोवर उरलेलं मी जाळीने काढायचो.”

“मग मला सांगायचं नाही?”

“तू वास लिहितेस कुठे वहीत?”

दोन दिवस मी वहीतले खालच्या तळ्याचे आकडे खोडत बसले. तिसऱ्या दिवशी मापाचं भांडं पुढे ठेवलं. बोंबलाचं पाणी किती घालता, ते तरी कळू दे. ते म्हणाले, “हाताला कळतं.” दहा दिवस मी मोजून घेतलं. कधी पाव लिटर, कधी पाऊण. असं का, विचारलं तर म्हणाले, “आज भरती मोठी होती.” भरतीचा आणि बादलीचा संबंध मला आजवर कळलेला नाही.

खरी काळजी विक्रीची होती. आमचा मासा बांधावरच विकला जायचा, तोही काकांच्या शब्दावर. डहाणू-घोलवडची माणसं पिशव्या घेऊन यायची, “काका, चव तीच ना?” विचारायची, काका मान हलवायचे, आणि मासा संपायचा. ती माणसं तुटली तर तळी चालवणं कठीण होतं. विक्रीला सहा आठवडे उरले असताना काकांनी खालच्या तळ्यातला एक जिताडा मला करायला लावला. दोन घास खाऊन म्हणाले, “मासा चांगला आहे, पण समुद्र कमी पडतोय. शेवटचा महिना जुनं खाणं दे.” मी वाद घातला. खाद्यवाल्याला विचारलं, तर तोही म्हणाला, शेवटी माशाच्या तेलाचं खाद्य दिलं की चवीत फरक पडतो. नाइलाजाने दिलं. महिन्याने पुन्हा जिताडा केला. काकांनी हुंगला, खाल्ला आणि दुसरा तुकडा मागितला. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

खालच्या तळ्यातल्या माशांच्या विक्रीच्या दिवशी बांधावर रांग लागली. पहिल्या बाईंनी विचारलं, “काका, चव तीच ना?”

मान हलवायची, एवढंच काम होतं. काका म्हणाले, “थांबा. ह्या वर्षी खाणं बदललंय. बरेच महिने सोयाबीन-जवसाचं तेल, शेवटचा महिना जुनं. मला चव तीच लागली. तुमचं तुम्ही ठरवा.”

बाईंनी पिशवीची घडी घातली. “मासा तेलात तळायचा असतो काका, तेलावर वाढवायचा नसतो,” असं म्हणून त्या चालू लागल्या. त्यांच्यामागे निम्मी रांग पांगली.

“खाणं विचारलं होतं का कोणी?” मी तिथेच कडाडले. “चव विचारली होती, आणि चव तीच आहे!”

“माझ्या नाकावर विसंबून येतात गं,” काका म्हणाले. “मग नाकाला जे ठाऊक आहे ते त्यांना नको का सांगायला?”

उरलेला मासा पडेल त्या भावाने दलालाला दिला. एका ग्रॅमचीही चूक वहीत न खपवणारी मी त्या दिवशी गप्प बसायला तयार होते, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. त्याचाही मला काकांवरच राग आला.

गेल्या वर्षी काका गेले, शेवटपर्यंत दवाखान्यातल्या खिचडीच्या वासाला नावं ठेवत. आता विक्रीला मी एकटी उभी असते. लोक विचारतात, “ताई, चव तीच ना?” नुसतं हो म्हटलं तर मासा तासाभरात संपेल. मी कुठलं तेल, किती महिने, सगळं सांगते. काही जण घेतात, दोन-चार जण रिकामी पिशवी घेऊन परत फिरतात. त्यांच्या पाठीकडे पाहत मी मनातल्या मनात काकांवर चिडते, आणि पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागते.