परत गेलेल्या कंपनीचा माणूस

गाडीची चावी हातात देताना मोरेश्वर भोईर कमरेतून वाकायचे. दोन्ही हातांच्या ओंजळीत चावी, मान खाली, आणि मनातल्या मनात तीन आकडे मोजून होईपर्यंत वर उठायचे नाहीत. उल्हासनगरच्या त्या शोरूममध्ये बाकीचे विक्रेते गिऱ्हाइकाला हार घालून फोटो काढत. भोईर वाकत. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, अंबरनाथजवळच्या गावातला आगरी माणूस, अंगात कंपनीचा निळा शर्ट, आणि हा प्रकार. माझ्या वडिलांना हसू आवरेना.

"अहो, देवाला नमस्कार करताय की आम्हाला?"

भोईर गंभीरपणे म्हणाले, "नाना, ट्रेनिंगला जपानी इंजिनियर आलेला. एवढा मोठा माणूस, आमच्यासारख्या सेल्समनपुढं वाकला. तवा ठरवलं, आपण पण वाकायचं."

मी अंबरनाथच्या एका शाळेत शिकवते आणि बदलापूरला शिरगावात राहते. पक्षाघातानंतर वडील, म्हणजे आमचे नाना, माझ्याकडे आले. आठवड्यातून तीनदा त्यांना फिजिओथेरपीसाठी उल्हासनगरला न्यावं लागे. रिक्षात चढवताना त्यांचा उजवा पाय मागे राही, मग रिक्षावाला ओरडे, मग नाना दिवसभर बोलत नसत. म्हणून गाडी घ्यायची ठरली. ती घेताना भोईरांनी आधी नानांना पुढच्या सीटवर बसवलं, उतरवलं, पुन्हा बसवलं. मग मला म्हणाले, "म्याडम, मोठी गाडी विकली तर माझं टार्गेट होईल, पण नानांना उतरताना उडी मारायला लागंल. ही छोटी घ्या. सीट बरोबर कमरेला येते."

गाडीपेक्षा कंपनीचा इतिहास सांगण्यात त्यांना जास्त रस. जपानात कुठल्याशा खाडीकाठी भातशेतीला पाणी देणारे पंप बनवणारा एक माणूस होता. युद्धात त्याचा कारखाना जळाला. त्यानं कामगारांना बरोबर घेऊन राखेतून लोखंड वेचलं आणि त्यातून पहिली तीनचाकी केली. यातलं खरं किती आणि भोईरांनी घातलेलं किती, देव जाणे. पण शेवट ठरलेला असे. "म्हंजे भातवाल्यांचीच कंपनी ना, म्याडम. आमच्यासारखी. भातवाला शब्द देऊन पळत नाय." आपल्या गावात, भावकीत, बहिणीच्या सासरी, त्यांनी पंधरा-वीस गाड्या तरी याच वाक्यावर विकल्या होत्या.

गाडी खरंच गुणी होती. नाना पुढे बसून काच खाली करून वारा खात. दवाखान्यातून येताना हट्टानं अंबरनाथला थांबायला लावून उसाचा रस पीत. चार वर्षं माझे वडील बाहेरचं जग बघत होते ते त्या गाडीच्या काचेतून.

मग एके सकाळी बातमी आली की कंपनी भारतातला धंदा गुंडाळतेय. गाड्या खपत नव्हत्या, एवढंच कारण. शोरूमचे सेठ सिंधी, व्यवहारी माणूस. महिन्याभरात त्यांनी पाटी उतरवून तिथे फर्निचरचं दुकान टाकलं. भोईरांना म्हणाले, "साईं, कंपनी गई. अब तू सोफा बेच." भोईरांनी आठ दिवस सोफे विकले आणि सोडून दिलं. मला फोनवर म्हणाले, "सोफ्याला इतिहास नाय, म्याडम."

आम्हा गाडीवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. एरवी त्यावर सणाच्या शुभेच्छा आणि मायलेजच्या फुशारक्या. आता तिथे रडारड सुरू झाली. कुणाला आरसा मिळेना, कुणाला दाराचं रबर. विकायला गेलं तर दलाल गाडीकडे न बघताच हात हलवी. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ मला लिफ्टमध्ये म्हणाले, "तुमची गाडी अनाथ झाली की हो." उल्हासनगरात कशाचीही नक्कल मिळते म्हणतात. पण नक्कल व्हायलाही मूळ वस्तू खपावी लागते. आमच्या गाडीची नक्कल करायचं कुणाला सुचलंच नाही.

आणि मग त्या ग्रुपवर भोईरांना शिव्या सुरू झाल्या. कंपनी जपानला गेली होती. भोईर अंबरनाथला सापडत होते. त्यांच्या चुलतभावानं भर लग्नात त्यांची कॉलर धरली. भोईरांनी ती सोडवून घेतली नाही. प्रत्येक निरोपाला त्यांचं एकच उत्तर असे, "आमच्या कंपनीच्या वतीनं माफी मागतो. पार्ट शोधून देतो." कंपनी आता त्यांची नव्हती, हे त्यांना सांगायची कुणालाच गरज वाटली नाही.

त्या पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी बदलापूरच्या मांजर्लीत शिरलं. तळमजले बुडाले, पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत चिखलात गेल्या. त्यांत आमच्या कंपनीच्याही होत्या. विमावाल्यांनी त्या भंगारात काढल्या, आणि भोईरांनी एकेक करत नऊ गाड्या ओढून आपल्या वाट्याच्या भाताच्या खाचरात नेऊन ठेवल्या. बायको म्हणाली, "लावणीच्या दिवसात शेतात मढी आणून ठेवली." पण भोईर खुलले होते. दिवसभर शेतात बसून एकेक भाग सोडवत, पुसत, उन्हात सुकवत. ग्रुपवर लिहीत, "कोणाला काय पायजे बोला." त्या दिवसांत लोक त्यांना पुन्हा 'भोईरशेठ' म्हणू लागले.

माझ्या गाडीचं स्टिअरिंग त्याच सुमारास जड झालं. चाक वळवताना खांदा निखळेल असं वाटे. त्याला मदत करणारी विजेची मोटर गेली होती, आणि ती नवी कुठेच नव्हती. भोईरांनी मांजर्लीतल्या एका बुडालेल्या गाडीचा मोटरसकटचा स्टिअरिंगचा दांडा काढून माझ्या गाडीला बसवला. चाक पुन्हा एका बोटानं फिरू लागलं. मी त्यांना पेढे दिले. असे सहा दांडे त्यांनी सहा गाड्यांना बसवले. त्यांतली एक गाडी त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याची, पांडुरंगची. ती तो प्रवासी गाडी म्हणून चालवी. घर त्याच्यावर चाले.

सात-आठ महिन्यांनी, कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वळणावर पांडुरंगची गाडी सरळ जाऊन झाडावर आदळली. भर दुपारी. सुदैवानं मागे प्रवासी नव्हते. पांडुरंग वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पोलिसांनी चालकाला डुलकी लागली असावी असं लिहून घेतलं. आदल्या दिवशी त्याची लांबची फेरी झालेली, तेव्हा कुणाला शंका आली नाही. बहीण सुलभा दवाखान्यातच नवऱ्यावर ओरडली, "झोप येत होती तर गाडी बाजूला घेता येत नव्हती?" पांडुरंग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

भोईरांनी ती चेपलेली गाडी ओढून खाचरात आणली. स्टिअरिंगची मोटर उघडली. आत हिरवट गंज होता आणि नदीचा गाळ दगडासारखा घट्ट झालेला. वरून पुसून, सुकवून लखलखीत केलेली ती वस्तू आतून सडत गेली होती, आणि ऐन वळणावर अडकली होती.

हे त्यांनी एकट्यानं पाहिलं होतं. मोटर विहिरीत टाकली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. ती त्यांनी फडक्यात बांधली, सुलभाच्या घरी नेली आणि तिच्यापुढे ठेवली. तिथे काय बोलणं झालं ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "ताईनं ऐकून घेतलं. मग दार लावलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. हत्यारांची पिशवी खांद्यावर.

"म्याडम, चावी द्या."

मला वाटलं कुठे जायचंय. मी म्हटलं, "आज नानांचा दवाखाना आहे, अकरापर्यंत परत आणा."

"परत नाय आणायची. दांडा काढतोय. तुमची गाडी आता चालनार नाय."

त्यांनी सगळं सांगितलं. मी ऐकलं, आणि आज लिहायला लाज वाटते, पण मी चावी दिली नाही. "माझी व्यवस्थित चालतेय. मी हळू चालवीन. नानांना काय खांद्यावरून नेऊ?" असं बरंच बोलले. भोईर उंबऱ्याबाहेर खाली बसले. एवढा मोठा माणूस हुंदके देत होता. "पांडुरंगची पन व्यवस्थित चालत होती हो, म्याडम. मी सोता बसवली. मी सोता चालवून बघितली."

आतून नाना भिंत धरत आले. पक्षाघातानंतर त्यांचे शब्द तुटक झाले होते. त्यांनी खुंटीवरची चावी काढली आणि भोईरांच्या पुढ्यात धरली. म्हणाले, "काढ."

भोईर गेल्यावर मी खाली जाऊन पाहिलं. स्टिअरिंगच्या जागी भोक आणि लोंबणाऱ्या तारा. दवाखान्याला आम्ही रिक्षा केली. नाना महिनाभर आले, मग नको म्हणाले. पुढचं वर्ष त्यांनी पलंगावर काढलं. भोईरांवर राग धरायची माझी हिंमत नव्हती, आणि राग येत नव्हता असंही नाही.

राहिलेल्या चारांपैकी तिघांकडूनही त्यांनी दांडे काढून आणले. एकानं काढू दिला, पण आधी थोबाडीत मारली. शेवटची गाडी विठ्ठलवाडीच्या एका मुलाची होती, आणि त्यानं ती दोन महिन्यांपूर्वीच विकून टाकली होती. घेणारा मुरबाडकडचा. त्यानं ती आणखी कुणाला दिलेली. पुढचा पत्ता नाही.

भोईर त्या गाडीच्या मागे लागले. रोज सकाळी भाकरी बांधून निघत. मुरबाड, शहापूर, टोकावडे. प्रत्येक गॅरेज, प्रत्येक पंप, टायरची पंक्चर काढणारा प्रत्येक टपरीवाला. हातात गाडीचा नंबर लिहिलेला पुठ्ठा. लोक त्यांना हप्ते वसूल करणारा समजून पळत. मी एकदा फोनवर म्हटलं, "भोईर, तुम्ही पोलिसांना कळवलंत, ग्रुपवर टाकलंत. आता किती करणार?" ते म्हणाले, "म्याडम, ती गाडी आता कुठंतरी वळनावर असंल. जेवताना घास हातात असतो न मला वाटतं, आता वळली. आता वळली." शोधाच्या त्या चार महिन्यांत त्यांचं वजन निम्मं झालं. शेतात भात नव्हता, घरात बायको बोलत नव्हती, बहिणीचं दार बंद.

गाडी सापडली ती माळशेजच्या पायथ्याच्या एका गावात. कोंबड्यांच्या खाद्याची पोती वाहणाऱ्या एका माणसाकडे. तो रोज घाट चढत-उतरत होता. भोईरांनी हात जोडले, दुसऱ्या एका गाडीतून काढलेली गंजलेली मोटर दाखवली. माणूस वाईट नव्हता, पण म्हणाला, "दादा, गाडी बंद ठेवली तर माझी पोरं काय खातील? तू दुसरा पार्ट दे, हा काढून घे."

दुसरा पार्ट भोईरांच्या हाती एकच होता. त्यांच्या स्वतःच्या गाडीत, ज्या गाडीनं ते तिथवर गेले होते. शोरूममधून पहिल्या वर्षी घेतलेली, पाणी न लागलेली. त्यांनी तिथेच अंगणात बसून आपल्या गाडीचा दांडा काढला आणि त्याच्या गाडीला बसवला. घाटात दोनदा वर-खाली चालवून पाहिली. मग आपली गाडी त्याच्या गोठ्याशेजारी तशीच सोडून एसटीनं अंबरनाथला परतले.

त्यानंतर जेमतेम सहा आठवडे ते जगले. एका दुपारी खाचरातल्या गाड्या भंगारवाल्याच्या ट्रकवर चढवून देताना छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं.

मी तेराव्याला गेले. ओटीवर कोपऱ्यात एक माणूस कुबडी टेकून बसला होता. मी ओळखलं नाही. त्यानंच ओळख दिली. पांडुरंग. सुलभा आत स्वयंपाकघरात भोईरांच्या बायकोशेजारी भाज्या चिरत होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण एकाच परातीत चिरत होत्या.

मी पांडुरंगला काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. वाईट झालं, तुमचं तर फारच.

त्यानं कुबडी मांडीवर आडवी घेतली. म्हणाला, "म्याडम, सगळे बोलले तू झोपलास. मला पन तसंच वाटाय लागलं. आठवत तर काय नव्हतं. दवाखान्यात पडून हाच विचार, की मागं प्रवासी असते तर मी झोपेत मानसं मारली असती. आता परत कधी कोनाला गाडीत बसवायची आपली लायकी नाय." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मग मोऱ्या ती मोटर घेऊन आला. सुली लय बोलली त्याला. मी आतून ऐकत होतो. मला उठताच येत नव्हतं, नायतर बाहेर गेलो असतो."

"काय सांगायचं होतं?"

"हेच," पांडुरंग म्हणाला. "की बस. पानी पी. मी झोपलो नव्हतो, हे सांगायला तू एकटाच आलास."