माहेरचा ताप

दवाखान्यात दाखवायचं होतं ते माझ्या नवऱ्याला. त्यांच्या छातीत जळजळ व्हायची, आणि गावात कुणाला हार्टचा झटका आला असं कानावर पडलं की त्यांचा डावा हात हमखास दुखायला लागायचा. त्या वर्षी दिवाळी आटोपली, सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला वेचा झाला, तेव्हा मीच म्हटलं, "एकदाचं यवतमाळला दाखवून येऊ. तुमचाही जीव थंड होईल आणि माझाही." शाळेतून रजा टाकली आणि महागावहून सकाळच्या गाडीनं निघालो. मी बाजाराची पिशवी घेतली होती. येताना स्वेटर बघायचे होते.

हृदयाच्या डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद होती. हे भराभर चढून गेले. मी अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभी राहिले, मग पायरीवरच बसले. "काय वं, येतं ना?" वरून आवाज आला. "चपलेचा अंगठा निसटला," मी म्हटलं.

त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या. हृदयाला काही नाही, पित्त आहे, तिखट कमी करा, असं डॉक्टर त्यांना सांगत होते. पण सांगताना ते बघत होते माझ्याकडे.

"मॅडम, तुम्हाला वर येऊन बराच वेळ झाला ना? मग अजून दम लागतोय?"

मी हसले. वय झालं, वजन वाढलं, पाळी जायचे दिवस आहेत, असं काहीबाही बोलले. हीच कारणं मी दोन वर्षं स्वतःलाही देत होते. वर्गात एका दमात कडवं पूर्ण होईना, तेव्हा कविता मुलींना म्हणायला लावायची आणि त्यांच्याच गळ्याचं कौतुक करायची. उताणं झोपलं की गुदमरायचं, म्हणून उशीवर उशी ठेवायची. यातलं काहीही मला आजार वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग सोनोग्राफीसारख्या मशीनजवळ झोपवलं. पडद्यावर काहीतरी फडफडत होतं. ते बघता बघता त्यांनी विचारलं, "लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता?"

आला होता. मी चौथीत होते, माहेरी मुकुटबनला. दोन्ही गुडघे भोपळ्यासारखे सुजले होते, मग मनगटं. माय मला पाठीवर घेऊन परसात न्यायची. पुढं सगळं बरं झालं आणि मी ते विसरूनही गेले होते.

"त्याच तापानं झडप खराब झालीय," डॉक्टर म्हणाले. हृदयातली एक झडप आखडून जवळजवळ मिटली होती. तिच्यावर कॅल्शियमचा चुन्यासारखा थर धरला होता, त्यामुळं ती आत फुगा घालून उघडण्यासारखीही राहिली नव्हती. छाती उघडून ती बदलावी लागणार होती. फुप्फुसात पाणी साचू लागलं होतं, तेव्हा घरी जायचं नाही, आजच भरती व्हायचं.

"पन डाक्टरसाहेब," हे म्हणाले, "पेशंट तं मी होतो."

डॉक्टरांनी माझ्या नावाचा नवा कागद काढला.

तिथून मला मोठ्या दवाखान्यात हलवलं. ऑपरेशन नागपूरला होणार होतं, पण आधी फुप्फुसातलं पाणी उतरायला हवं होतं आणि तिकडं खाट रिकामी व्हायला हवी होती. तोवर इथंच थांबायचं. पुण्यातला मुलगा रजा काढून थेट नागपूरला येणार होता.

थांबणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. लघवी होण्याची इंजेक्शनं, आळणी जेवण आणि पाणी मोजून. जीभ टाळूला चिकटायची. खाटेसमोरच्या खिडकीतून रसवंतीची गाडी दिसायची, तिच्या घुंगरांचा आवाज यायचा आणि मला त्या उसाचा अक्षरशः राग यायचा. रोज सकाळी हे नर्सला विचारायचे, "नागपूरचा फोन आला का?" आणि परत येऊन खुर्चीत बसायचे. ज्या माणसाला मी कधी चहा करताना पाहिलं नव्हतं, तो माझी वेणी घालायचा. केस ओढले जायचे. तरी मी डोकं स्थिर धरायची. मला भीती मरणाची कमी आणि करवतीची जास्त वाटत होती. छातीचं हाड कापतात, हे एकदा ऐकल्यापासून मी सारखा तिथं हात ठेवून असायची.

"मायला त्या तापाचं सांगू नका," एवढं मी यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

माय वणीवरून गाड्या बदलत एकटीच आली. सत्तरी केव्हाच उलटलेली, पाठीत वाकलेली. आल्या आल्या तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली आणि खाटेशेजारी सतरंजी टाकून बसली. मग तिची कारणं सुरू झाली. शाळेचा ताण, नजर, युरियाची भाजी. "तुमच्या घरी हिच्या जिवाले आराम कुठी हाय?" असं जावयालाही ऐकवलं. मला ही कारणं बरी वाटायची. खरं सोडून बाकी काहीही चाललं असतं.

एका सकाळी मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आले. कागद चाळून त्यांनी मायकडं पाहिलं. "आजी, तुम्ही आई ना? हिला लहानपणी सांधेदुखीचा ताप आला होता?"

मी काही बोलायच्या आत माय उभी राहिली. इतके दिवस तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"आलता ना, साहेब! गुडघे असे टम्म सुजले होते. पोरगी पाय टेकवत नव्हती. म्या एरंडाची पानं बांधली, गरम रेतीनं शेकलं, रातंदिवस मांडीवर घेऊन बसली. पंधरा दिवसांत उभी केली तिले म्या!"

"बघा," डॉक्टर मुलांकडं वळले, "हीच खरी हिस्टरी. गुडघे बरे होतात, म्हणून घरच्यांना वाटतं आजार गेला. पण झडपेला इजा झालेली असते. तेव्हाच पेनिसिलिन सुरू झालं असतं, तर कदाचित ही वेळ आली नसती." पुढं ते इंग्रजीत बोलत राहिले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

माय उभीच होती. "काय म्हनत होते ते?" तिनं जावयाला विचारलं.

"काही नाई, मामी. त्याईचं शिकवनं चालू हाय."

पण तिला कळलं होतं. दुपारी तिनं डबा उघडला नाही. बऱ्याच वेळानं सतरंजीवरूनच तिचा आवाज आला.

"तवा सुई देली असती तं?"

"तवा मुकुटबनले सुई कोन देत होतं, माय?"

"वणीले होता डाक्टर." तिनं न उघडलेला डबा बाजूला सारला. "तुहा बाप म्हनत होता, बंडी जुपतो, वणीले नेतो. म्याच म्हनलं, कायले? वाढीचं दुखनं हाय, उतरून जाईन."

मी तिला म्हणायला हवं होतं, जाऊ दे माय, तुला काय ठाऊक. शब्द तयार होते. पण मी भिंतीकडं तोंड केलं. कापली जाणार होते मी. बाप बैलबंडी जुंपायला तयार होता. एवढंच डोक्यात फिरत राहिलं. खाली ती रडत होती की नुसती बसली होती, मी पाहिलं नाही. यांनी तिला चहा आणून दिला, तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी नागपूरचा फोन आला. सगळी धावपळ झाली. ॲम्ब्युलन्समध्ये मायसाठी जागा होती, पण ती बसली नाही. "मी येऊन काय करू?" म्हणाली आणि पिशवी काखेत धरून दाराशी उभी राहिली. मला स्ट्रेचरवरून तिचे फक्त पाय दिसले, भेगाळलेले, रबरी चपलेतले. दार लागलं.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटत होतं. काचेपलीकडं हे आणि मुलगा उभे होते. दोघांचीही दाढी वाढलेली. खोकला आला की उशी छातीशी आवळून धरायची, हे नर्सनं शिकवलं. पहिल्यांदा खोकले तेव्हा वाटलं, शिवण उसवली. पण उसवली नाही. काही दिवसांनी चालायला लागले. धातूची झडप बसवली होती. रक्त पातळ ठेवायची गोळी आता कायमची.

मायशी फोनवर बोलणं व्हायचं, पण त्या दुपारबद्दल ती बोलली नाही आणि मीही नाही.

उन्हाळ्यात मुकुटबनला गेले. दुपारी घरात दोघीच होतो. तिनं दार लोटलं आणि म्हणाली, "दाखव." मी पदर बाजूला केला. ती जवळ आली, चष्मा वर सरकवून छातीवरचा व्रण नीट पाहिला, पण हात लावला नाही.

"मले राग आलता तुहा, माय," मी म्हटलं. "त्या दिवशी."

"दिसत होतं मले."

"अजूनही येते कधी कधी."

"येऊ दे," ती म्हणाली. "मले बी येते माहा."

मग ती चुलीकडं गेली आणि मला भूक आहे का विचारलं. भूक नव्हती, तरी मी हो म्हटलं. आम्ही जेवलो. मला हलकं वाटलं असं नाही. पण तिच्यासमोर बसून घास गिळता आला, तेवढं त्या दिवसापुरतं पुरलं.

आता दर महिन्याला रक्त किती पातळ आहे ते तपासायला यवतमाळला जाते. त्या संध्याकाळी तिचा फोन ठरलेला. "रक्त काय म्हनते?" नुसतं बरं आहे म्हटलं तर तिला खरं वाटत नाही. रिपोर्टमधला आकडा सांगावा लागतो. तिला त्यातलं काही कळत नाही. ती तो स्वतःशी दोनदा म्हणते आणि फोन ठेवते.