पडद्यावरचे पट्टे

नवऱ्याने त्याचा लहानपणचा व्हिडिओ गेम तळेगावच्या घरातून कासारवाडीला आणला, तेव्हा मी हसले होते. पण मी महाळुंग्याच्या एका कंपनीत सर्किट बोर्ड तपासते, त्यामुळे हात शिवशिवले. तो जुना डबा फक्त अँटेनाच्या तारेतून चित्र पाठवायचा आणि आमच्या टीव्हीला ते पकडता येत नव्हतं. मी डबा उघडला, आतून चित्राची वेगळी तार काढली आणि मागे पिवळी पिन बसवली. अडॅप्टर जळालेला होता, म्हणून तीन पिनांचा, म्हणजे अर्थिंगवाला, पत्र्याचा पॉवर सप्लाय जोडला.

पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. सोल्डरिंगचा एक टाका कच्चा होता. परत डाग दिल्यावर चित्र आलं. नवरा कॅसेटीवर फुंकर मारून रात्रीचं जेवण होईपर्यंत खेळत बसला.

रविवारी सकाळी मात्र चित्रावर दोन राखाडी पट्टे आले. खालून वर, सावकाश सरकत जायचे, आणि ते जिथे जिथे पोचायचे तिथे चित्र वाकायचं.

"अगं, बिघडवलास की काय?" नवरा म्हणाला.

मी केबल बदलली, कपॅसिटर बदलला. शेवटी डबा कंपनीत नेऊन तिथल्या टीव्हीला लावला. चित्र एकदम स्वच्छ. घरी आणला की पुन्हा पट्टे, तेही फक्त सकाळी. संध्याकाळी लावावा तर काहीच नाही. मला ते आवडेना. बोर्डातला दोष वेळ बघून येत नाही.

पुढच्या रविवारी पट्टे आल्याबरोबर मी टीव्हीच्या मागची एकेक तार काढायला सुरुवात केली. डिशची तार काढली आणि चित्र स्वच्छ झालं. ती परत जवळ नेली तर टोकाशी बारीक निळी ठिणगी उडाली. ती तार वर डिशमधून गच्चीवरच्या लोखंडी कठड्याला जोडलेली होती, म्हणजे इमारतीच्या सळयांतून थेट जमिनीला. व्होल्टेज मोजायच्या माझ्या मीटरचं एक टोक तिच्या बाहेरच्या तारेच्या जाळीला लावलं आणि दुसरं सॉकेटच्या वरच्या, अर्थिंगच्या भोकात घातलं. तिथे काहीच दिसायला नको होतं. आकडा शंभर व्होल्टच्या वर गेला.

तेवढ्यात सासूबाई बाथरूममधून हात चोळत बाहेर आल्या. "परत मुंग्या आल्या बघ. शुगर वाढली वाटतं."

"आई, मुंग्या कधी येतात?"

"सकाळचीच. नळ धरला की."

महिनाभर आम्ही त्यांना गोड खाऊ नका म्हणून सांगत होतो.

"अहो, मेन बंद करा," मी नवऱ्याला ओरडले. फ्रिजचा आवाज थांबला. घर गप्प झालं. मीटरवरचा आकडा मात्र तसाच. करंट आमच्या घरातला नव्हताच, अर्थिंगच्या तारेतून बाहेरून येत होता. वर-खालच्या सगळ्या घरांची अर्थिंगची तार एकच होती. खालच्या घराला कुलूप होतं. मी अनवाणीच वर धावले.

वरच्या घरात नांदेडकडचं एक तरुण जोडपं राहायचं. तिचा नवरा चाकणला शिफ्टला गेलेला. तिने दार उघडलं, बाह्या वर केलेल्या, हाताला तेल. आत दुपट्यावर तिचं बाळ पाय झाडत पडलं होतं. बाथरूममध्ये बादली भरत होती.

"गिझर बंद कर. नळाला हात लावू नकोस."

"काय झालं, ताई?" ती घाबरली नव्हती. "थोडा करंट येतो त्याला. हे म्हणले, चप्पल घालून आंघोळ करत जा."

मी तिच्या दाराशेजारचं मेन पाडलं.

दुपारी इलेक्ट्रिशियन आला. त्याने आमच्या अर्थिंगच्या भोकातून एक वायर आणि गच्चीच्या कठड्यापासून दुसरी वायर अशा बल्बाला जोडल्या आणि वरचा गिझर क्षणभर चालू केला. बल्ब पेटला. जिन्यात उभे असलेले सगळे मागे सरकले.

"भाऊ, हे किती दिवसांपासून असेल?" नवऱ्याने विचारलं.

"कसं सांगणार? खाली मीटरजवळ अर्थिंगची पट्टी गंजून तुटलीय. एक गिझर खराब झाला की त्याचा करंट अर्थिंगच्या तारेतून सगळ्यांच्या गिझरांत आणि नळांत."

त्या आठवड्यात सोसायटीने नवीन अर्थिंग घातलं, वरचा गिझर भंगारात गेला. त्या दिवशी मात्र ती बाळाला घेऊन संध्याकाळपर्यंत आमच्याकडेच बसली होती. सासूबाईंनी गॅसवर पाणी तापवलं आणि बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. पाणी ओतण्याआधी दर वेळी त्या तांब्यात आपलं बोट बुडवून बघत होत्या, आणि आम्ही दोघी त्या बोटाकडे बघत होतो.