पडवीतलं गो-वेंट-गॉन

आमची पडवी रोज झाडली, तरी बायका उठून गेल्या की एखादा किस्सा तिथं पडलेला असतोच. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण ऐकलेलं विसरत नाही. म्हणून हे सांगायचं माझ्याकडं आलं.

माझी नातसून अश्विनी पलूसला आमच्याच पडवीत बायकांना इंग्रजी शिकवते. पहिल्या दिवशी सगळ्या एका सुरात ओरडल्या, "गो-वेंट-गॉन!" मी निवडायचं ताट टाकून बाहेर!

"अगं, कुणाला हाकलताय?"

"आजी, आज जायचं तर गो. काल गेलेलं असलं तर वेंट."

मी हबकलेच. पाय तेच, वाट तीच, अन् एका रात्रीत शब्दच बदलला? "ह्या सायबांचा कालच्या दिवसावर एवढा काय राग हाय गं?"

*

माझा मुलगा बाजीराव फौजेतून सुभेदार होऊन आलेला. त्याची बायको मंगल क्लासला बसू लागली, अन् त्याचा दुपारचा चहा दिवेलागणीला मिळू लागला. त्यानं सुनेला ऑर्डरच दिली, "दसऱ्यापर्यंत चालू दे. मग क्लास बंद!"

अश्विनीचा चेहरा उतरला. या घरात आल्यापासून स्वतःचं म्हणून पोरीनं एवढंच तर मांडलं होतं.

*

हळदीकुंकवाला शेजारच्या शेवंताला उखाण्याचा आग्रह झाला. ती ताठ उभी राहिली.

"ईट-एट-ईटन, पानात वाढली खीर, तानाजीराव घरी येईनात, मला धरवंना धीर!"

सगळ्या गार! तिची सासू पुढं सरकली. "खीर कळली. पर पयलं काय म्हणलीस? शिवी न्हाई न्हवं?"

*

त्याच आठवड्यात वरच्या आळीचे म्हातारबा गेले. आम्ही भेटायला गेलो. घरात चिडीचूप. शेवंताचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतीया. जवळ कान नेला, तर "स्लीप-स्लेप्ट-स्लेप्ट!" दुसऱ्या दिवशी टेस्ट होती ना!

मी चिमटा काढणार, तेवढ्यात म्हातारबांची सूनच पदराआडून हुंदका देत म्हणाली, "त्याच्या म्होरं वीप हाय, शेवंता."

*

दसरा तोंडावर आला अन् मंगल भावजयीच्या बाळंतपणाला विट्याला गेली. ती रोज म्हशीची धार काढताना क्लासचं पाठांतर घोकायची. आता बादली घेऊन बाजीराव बसला. म्हैस पान्हाच सोडेना! पेंड दिली, पाठ थोपटली, फौजेतली हिंदीही झाडून झाली. शेवटी इकडंतिकडं बघून गडी पुटपुटला, "ड्रिंक... ड्रँक... ड्रंक..."

बादलीत धार वाजली! मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो पडवीत आला. अश्विनी गडबडीनं उठली. "मामा, आवरतेच आता सगळं..."

बाजीरावानं रिकामी बादली खाली ठेवली, मागच्या सतरंजीवर मांडी घातली अन् सुनेला म्हणाला,

"मॅडम, फुडचं पान घ्या. मागच्यावर म्हशीचं भागंना झालंया!"