दादांची बिनधुराची चिमणी

गावात कुठंही धूर दिसला की माझ्या वडिलांना राहवत नसे. फाट्यावरच्या चहावाल्याची भट्टी काळा धूर ओकायला लागली, की दादा बाकावरून उठून तिच्याजवळ जात आणि वाकून आत बघत. "हवा कमी पडायलीय तिला. तोंड जरा मोठं कर," असं सांगत. चहावाला सुरुवातीला नुसता हसला. मग एक दिवस त्यानं खरंच समोरच्या दोन विटा काढल्या, आणि त्यानंतर तो इतर गिऱ्हाइकांनाही दादांचा सल्ला ऐकवू लागला.

दादांची सगळी नोकरी कोळशावर चालणाऱ्या एका वीज केंद्रात गेली. ते बॉयलरवर होते. आठवडाभर तिकडं राहायचे आणि सुट्टीला एसटीनं गावी यायचे. आमचं गाव झरीच्या पुढं, आडबाजूला. निवृत्त होऊन ते कायमचे घरी आले तेव्हा मी जिंतूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. शनिवारी शाळा सुटली की मी गावाकडची बस धरायची. मी पोचेपर्यंत आई चहा ठेवायची, आणि चहा झाला की दादांचं आणि माझं बोलणं सुरू व्हायचं. ते शेवटी विजेवर यायचंच.

त्यांना एका गोष्टीचा लय अभिमान होता. "माझ्या शिफ्टमधी चिमणीतून धूर दिसायचा न्हाई," ते सांगायचे. कोळसा कसा आला आहे ते बघून हवा कमीजास्त करायची, ज्योतीचा रंग ओळखायचा, हे त्यांना इतकं जमलेलं होतं, की दुसऱ्या शिफ्टची माणसं सुद्धा त्यांना विचारायला येत. लहानपणी त्यांनी एकदा मला लांबून ती चिमणी दाखवली होती. वर निळं आभाळ आणि चिमणीच्या तोंडाशी काहीच नाही. "बघ," एवढंच ते म्हणाले होते.

मागच्या एका हिवाळ्यात गावात बातमी आली, की गायरानावर सौर पॅनेल बसणार. त्यातून शेतीच्या मोटारींना दिवसा लाईट मिळणार. सगळ्या गावाला आनंद झाला. मला तर जास्तच झाला, कारण त्याच आठवड्यात मी वर्गात कार्बनचा धडा शिकवत होते. रविवारी सकाळी ओट्यावर बसून मी दादांना म्हणाले, "बघा, आता तुमचा कोळसा संपला."

"संपत न्हाई इतक्यात," दादा म्हणाले. "सूर्य संध्याकाळी घरी जातो. त्याच वक्ताला घराघरात दिवे लागतात, टीव्ही लागतो, गिरणी चालू होती. तवा वीज कोण देणार?"

"बॅटऱ्या येतील."

"येतील तवा येतील. तोवर काय? आपल्या शिवारात कापूस वेचून झाला की वाळली पऱ्हाटी वावरातच पेटवून देतात. तिचा भुगा दाबून कांड्या करा अन् कोळशात मिसळून बॉयलरात घाला. तेवढा कोळसा तरी वाचंल. आन् आधी तारांतली गळती बंद करा. वाचवलेली वीज तयारच करावी लागत न्हाई."

त्यांचं म्हणणं वाईट नव्हतं. पण मी शाळेतल्या बाईंच्या सुरात होते आणि मला जिंकायचं होतं. ते पुढं म्हणाले, "आन् कोळसा नीट जाळला तर कुठं काय घाण होती? माझ्या शिफ्टमधी..."

मी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. "दादा, धूर दिसला न्हाई म्हणून काय झालं? कार्बन डायऑक्साइडला रंगच नसतो. तुमच्या त्या निळ्या आभाळात तो टनावारी जायलाच होता. इतकी वर्षं तुमी तेच केलं."

आईनं आतून हाक मारली, पण तोवर मी बोलून बसले होते. दादांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "मग मला तवा कुणी कामून न्हाई सांगितलं?"

 ते उठून चपला घालून बाहेर पडले. दुपारच्या बसनं मी जिंतूरला गेले तेव्हाही परतलेले नव्हते.

तो आठवडा मला जड गेला. फळ्यावर काढलेली चिमणी मी दोनदा पुसली. ज्या माणसाच्या पगारावर मी बी.एस्सी. झाले, त्याला मी एका वाक्यात गुन्हेगार केलं होतं. मग एका दुपारी पुस्तक उघडून बसले आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. ज्वलन नीट झालं तर तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो, आणि कोळसा कमी लागला की कार्बनही कमी. फार नाही, पण कमी. दादांनी आयुष्यभर हवा आणि ज्योत सांभाळून जे केलं, ते वाया गेलेलं नव्हतं. संध्याकाळी मी फोन लावला. आईनं उचलला.

"ते घरात कुठं असतात?" आई म्हणाली. "चार दिस झाले, सकाळी भाकरी बांधून घेतात अन् गायरानात जातात. मावशीसंगं फिरायलेत."

मावशी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी मेंढरं राखणारी बाई. तिची पन्नासेक मेंढरं आणि थोड्या शेळ्या गायरानावरच पोसलेल्या. पॅनेलची बातमी आली तेव्हा अख्ख्या गावात गप्प राहिलेली ती एकटीच. तिला विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

शनिवारी घरी आले तर दादा भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर पेन्सिलीनं काहीतरी काढत होते. मी शेजारी बसले आणि पुस्तकात वाचलेलं त्यांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे थोडं तरी बरं केलं म्या," ते म्हणाले.

"थोडं न्हाई. तुमच्या हातात होतं तेवढं सगळं केलं."

त्यांनी मान हलवली आणि पेन्सिल पुढं सरकवली. "हे बघ. हा वढा. याच्या कडंनं पावसाळ्यानंतर बी गवत टिकतं. अन् ही वरची बाजू निव्वळ मुरूम. तिथं मावशीची मेंढरं नुसती पाय भाजून येतात. पॅनेल वर बसवा ना, खाली कामून बसवायलेत?" सगळा माळ त्यांनी पावलांनी मोजला होता. गवत कुठं किती महिने टिकतं, हे मावशीनं सांगितलं होतं आणि त्यांनी तसं लिहून घेतलं होतं.

सोमवारी ग्रामसभा होती. मी रजा टाकून थांबले. पंचायतीसमोरच्या पत्र्याच्या शेडात लोक जमले. पॅनेल बसवणाऱ्यांचा एक तरुण इंजिनियर नकाशा घेऊन आला होता. त्याच्या नकाशावर सगळं गायरान एकाच रंगात होतं, ओढ्याकाठापासून वरपर्यंत. तो दिवसा लाईटीचं सांगू लागला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मावशी मागून उभी राहिली. "लाईट कुणाला नको?" ती म्हणाली. "पर माझी मेंढरं कुठं न्यू, तेवढं सांगा."

कुणीतरी म्हणालं, "मेंढरापायी गावाचं काम अडवती का?" त्यावर दादा उठले. सगळ्यांना वाटलं, कोळशावरचा माणूस, हा आता सौरविरोधात बोलणार.

"आजोबा, तुमचा अनुभव कशातला?" इंजिनियरनं अदबीनं विचारलं.

"कोळसा जाळण्यातला," दादा म्हणाले. लोक हसले. दादा हसले नाहीत. "म्हणूनच सांगायलोय. तवा आमी पुढचं बघितलं न्हाई. जे दिसतंय तेच खरं धरलं. ही पॅनेलं व्हायलाच पायजेत. पर जागा बघून करा."

त्यांनी कॅलेंडरचं पान टेबलावर पसरलं. पॅनेल मुरमाच्या बाजूला. ओढ्याकाठ मोकळा. आणि सांगाडे थोडे उंच, म्हणजे मेंढरं खालून चरतील आणि गवत कापायला माणूस लागणार नाही.

"आणि शेळ्या?" इंजिनियरनं विचारलं.

"शेळ्या न्हाई!" दादा आणि मावशी एकदमच बोलले. मावशीनं पुढं खुलासा केला, "शेळी वर चढती. वायर दिसली की चावती. शेळ्या मी वढ्याकडं ठेवीन." या वेळी शेडात मोठा हशा झाला, आणि दादाही हसले.

सगळं त्यांच्या मनासारखं झालं नाही. जागा बदलली, ओढ्याकाठ वाचला. पण उंच सांगाडे एकाच भागात मिळाले, बाकीच्या ओळी ठरल्याप्रमाणे खालीच राहिल्या. मावशीला अजूनही उन्हाळ्यात दोन महिने मेंढरं पेडगावच्या बाजूला न्यावी लागतात. त्याबद्दल ती दादांना बोल लावते, आणि दादा ऐकून घेतात. मोटारी मात्र दिवसा चालतात.

माझं आणि दादांचं भांडण मिटलेलं नाही. पऱ्हाटीच्या कांड्यांसाठी त्यांनी दोन अर्ज केले आहेत आणि माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतलं आहे. मी बॅटरीबद्दल काही वाचलं की त्यांना पाठवते. ते एका तासात तीन शंका परत पाठवतात. त्यातल्या एकीचं तरी उत्तर मला येत नाही.

गेल्या फाल्गुनात एका रविवारी मावशी धापा टाकत आमच्या दारी आली. तिची एक मेंढी कुंपणाच्या आत मागं राहून पॅनेलच्या सावलीत व्यायला बसली होती आणि फाटकाला कुलूप लागलं होतं. दादा जेवणावरून उठले. राखणदाराला शोधून त्यांनी फाटक उघडायला लावलं. आम्ही पोचलो तोवर कोकरू बाहेर आलं होतं, ओलं, थरथरत. मावशी मेंढीला धरून बसली. दादांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, कोकरू पुसलं आणि छातीशी धरून तिथंच मुरमावर मांडी घातली.

"दूध पिऊ द्या त्याला," मावशी म्हणाली. "तुमच्याजवळ काय हाय?"

"देतो की," दादा म्हणाले, पण बराच वेळ त्यांनी ते खाली ठेवलं नाही.