धरहरा छाप

काशीतल्या ज्या लोकांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, त्यांनी सिगारेट वळायच्या कागदाच्या पाकिटावर छापलेलं दीपगृह पाहिलं आणि तो आपल्या पंचगंगा घाटावरच्या मशिदीचा मनोरा, म्हणजे धरहराच आहे, असं ठरवून टाकलं. उंच मनोरा, पायथ्याशी पाणी, पाण्यात होडी. आणखी काय पुरावा हवा? पाकिटावरचं फ्रेंच नाव कुणालाच वाचता येत नव्हतं. मग ते झालं 'धरहरा छाप'. आमच्या गच्चीवरून खरा धरहरा दिसायचा. मी पाकीट डोळ्यांसमोर धरून दोन्ही ताडून पाहायची, आणि मलाही ते पटायचं.

हा कागद आधी छावणीतल्या गोऱ्या शिपायांकडे आला, त्यांच्याकडून नावाड्यांकडे आणि नावाड्यांकडून शहरभर, असं म्हणायचे. भांगेच्या झाडाच्या सालीपासून तो करतात अशी बातमी पसरली, तेव्हा तर त्याची इज्जत फारच वाढली. जे भोलेनाथाला चालतं ते काशीला चालणारच. न्हावी वस्तऱ्याच्या जखमेवर तो चिकटवायचा, वैद्य त्यात चूर्णाची पुडी बांधायचे, आणि आम्ही पोरं फणीवर तो ताणून तोंडाने पिपाणी वाजवायचो. तंबाखू भरून ओढणारे अर्थात होतेच. पण आमच्या ब्रह्माघाटाच्या वैदिकांच्या वस्तीत ओढणं म्हणजे महापाप. खाल्ली तर चालायची. नाकात ओढली तर तपकीर, तीही चालायची. धूर निघाला की मात्र धर्म बुडाला. हे शास्त्र मला आजही कळलेलं नाही.

आणि त्याच वस्तीत, पाठशाळेत शिकवणाऱ्या माझ्या बाबांच्या फडताळात धरहरा छापची पाकिटं होती.

कारण होतं पोथी. आजोबांनी हाताने लिहिलेली प्रयोगाची पोथी, कुठलं कर्म कसं करायचं ते सगळं सांगणारी. तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती. घाटावरच्या ओलीने पानं विरत चालली होती. साधा कागद डकवला तर अक्षर झाकलं जायचं. हा कागद डकवला की खालचं अक्षर जसंच्या तसं दिसायचं. बाबा दुपारी दार लोटून बसत. कणकेची पातळ खळ, तीत कडुलिंबाचा काढा, आणि एकेक कागद. पण त्याआधी ते कात्रीने प्रत्येक कागदाची गोंदाची कड कापून टाकत. ओढणारा ती कड जिभेने चाटून चिकटवतो. म्हणजे ती उष्ट्यासाठीच केलेली, आणि तो गोंद कशाचा ते देव जाणे. कड गेली की राहिला तो नुसता कागद, अशी त्यांनी स्वतःच्या मनाची समजूत घातली होती. कापलेल्या कडा खिडकीपाशी पडत, आणि वारा त्या खाली गल्लीत नेई.

त्या वर्षी विदेशी मालाच्या होळ्या पेटत होत्या. दादा स्वयंसेवकांत होता. चौकातल्या तंबाखूच्या दुकानापुढे उभा राहून त्याने पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या, त्याचा खांदा अजून निळा होता. माझा दादा तेव्हा मला फार मोठा वाटायचा, आणि त्याची भीतीही वाटायची. घरात तो कुणाशी बोलेनासा झाला होता. आमच्या घाटावर होळी ठरली त्या दिवशी तो चार जणांना घेऊन गल्लीत शिरला. पुढाऱ्याने त्याला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "पहले अपने घर से."

पुढाऱ्यासकट ते आमच्या अंगणात आले, आणि पाठोपाठ शेजारचे आजोबा. वस्तीतल्या ब्राह्मणांच्या सभेत त्यांचा शब्द चालायचा. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, हा त्यांचा नित्यनेम. तपकिरीने पिवळी झालेली त्यांची बोटं त्यांनी उघडली. तळहातावर कापलेल्या कडा होत्या.

"शास्त्रीबोवा, हे काय?"

बाबांनी आतल्या फडताळाकडे एकदा पाहिलं.

"मी सांगतो. बिडीबाज माणूस कड कापत बसत नाही, तो सरळ चाटतो. ओढताना सुद्धा उष्ट्याचा विचार करणारा या मोहल्ल्यात एकच आहे." ते दादाकडे वळले. "तू दुकानापुढे मार खातोस, अन् बाप तुझा सोवळ्यात धूर काढतो!"

एरवी मला हसू फुटलं असतं. इतका उलटा तर्क आमच्याच लोकांना सुचावा. पण मी दादाचा चेहरा पाहिला. त्याला ते खरं वाटलं होतं.

"बाबा, हे खरं आहे?"

एक शब्द बोलले असते तर बाबा सुटले असते. पण तो शब्द म्हणजे पोथी. नाव वाचवायला पोथी बाहेर काढावी लागणार होती, आणि बाहेर काढली तर तिचं काय होईल ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. इकडे आड, तिकडे विहीर. शेजारचे आजोबा म्हणाले, "ठीक है. उद्यापासून पंगतीत तुमचं पान नाही."

तेवढ्यात दाराआडून ऐकणारी आई आत गेली. ती परपुरुषांसमोर कधी यायची नाही, त्या दिवशी आली. रेशमी फडक्यातली पोथी तिने पाटावर ठेवली आणि गाठ सोडली. "हातच्या काकणाला आरसा कशाला? बघा काय ओढतात ते."

सगळे वाकले. वरच्या पानापानावर तो पातळ कागद, आणि त्याखाली आजोबांचं काळंभोर, ठसठशीत अक्षर. मला वाटलं, झालं, सुटलो. कुठलं काय!

शेजारचे आजोबा मागे सरले. "म्हणजे पोथीच बाटवली! ही गंगेत सोडा. आजच."

पुढारी मान हलवत म्हणाला, "कागज़ तो विलायती ही है, पंडितजी. होली में जाएगा."

एकाला ती पाण्यात हवी होती, दुसऱ्याला आगीत. आईने पोथीवर हात ठेवला तो उचलेना. पुढारी दादाकडे बघत होता, शेजारचे आजोबाही दादाकडेच. दादाने पुढे होऊन आईचा हात बाजूला केला. त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला, आजही आठवलं की येतो.

"थांब," बाबा म्हणाले. त्या दुपारचा त्यांचा हा पहिला शब्द. "विलायती तेवढं काढून देतो. पोथी तर आपली आहे ना?"

त्यांनी पान मांडीवर घेतलं. नखाने कागदाचं टोक उचललं आणि हळूहळू ओढायला लागले. कागद सुटला. पानावर फिकट पिवळा चौकोन राहिला, त्यावर एकही अक्षर नव्हतं. सगळी शाई कागदाबरोबर निघून आली होती. आजोबांच्या ओळी आता उलट्या होऊन त्या विलायती कागदावर होत्या.

बाबांनी तो दादापुढे धरला. "घे. टाक होळीत."

दादाने घेतला. पोथी लिहिणाऱ्या त्याच आमच्या आजोबांनी त्याचा हात हातात धरून त्याच्याकडून पाटीवर पहिला श्रीकार गिरवून घेतला होता, मी तेव्हा पाळण्यात होते. दादाच्या तळहाताला घाम आला होता, कागद तिथेच चिकटला. तो एकटक त्याच्याकडे बघत राहिला. मग पाटासमोर मांडी घालून बसला.

"आई," तो म्हणाला, "खळ आहे का थोडी?"

पुढारी आपल्या माणसांना घेऊन बाहेर पडला. शेजारचे आजोबा बडबडत गेले, आणि पुढे वर्षभर आमच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. त्यावाचून आमचं काही अडलं नाही.

दादाने कागद परत डकवला, जरा तिरका. मग बाबांनी आपणहून फडताळ उघडलं आणि उरलेली सगळी पाकिटं त्याच्या हातात दिली. दोघांपैकी कुणीही एकमेकांकडे पाहिलं नाही. संध्याकाळी घाटावर होळी पेटली तेव्हा मी गच्चीवरून पाहत होते. पलीकडे खरा धरहरा उजळून निघाला होता.

बाबांनी पुन्हा तो कागद आणला नाही, आणि दुसरा तसा कुठे मिळालाही नाही. पोथी आता माझ्याकडे आहे. दादाने डकवलेलं ते तिरकं पान आहे, त्यानंतरची बाबांनी डकवलेली थोडी आहेत. पुढच्या पानांना नुसतं बोट लावलं तरी हातात चुरा येतो. आजोबांचं अक्षर जिथवर धरहरा छाप लागला तिथवरच आहे.