खोलीतल्या माणसाचे भाऊबंद

"त्येचं भाऊबंद कुठं गेलं, सर?" सुभेदारांनी विचारलं आणि माझं व्याख्यान तिथंच अडलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीला कॉलेजात मराठी शिकवत होतो. बायको जाऊन तीन महिने झाले होते. वर्गात उभा राहिलो की तोंडून शब्द फुटत नसे. प्रिन्सिपॉल म्हणाले, "आष्ट्याजवळच्या गावात बहिःशाल व्याख्यान द्या. तेही जमलं नाही तर टर्मभर रजा घ्या." बहिःशाल म्हणजे कॉलेजबाहेरच्या लोकांसाठी. रजा म्हणजे दिवसभर ते घर. मी व्याख्यान घेतलं. विषय होता आधुनिक साहित्यातला एकटेपणा.

संयोजक सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. माझ्या घरची बातमी त्यांना आधीच लागली होती. त्यामुळे गाव व्याख्यानाला नव्हे, सांत्वनाला आलं होतं. सगळे माना खाली घालून बसले होते.

मी कसाबसा सुरू झालो. "अर्थ शोधावा आणि तो सापडू नये, याला ॲब्सर्ड म्हणतात. समजा, एक माणूस खोलीत एकटाच बसलाय. हाका मारतो. कुणी ओ देत नाही."

तिथंच भाऊबंद निघाले.

"त्याला भाऊबंद नाहीत," मी म्हणालो.

"मग जमीन कोन बघतं?"

"जमीनही नाही."

"लाटली आसंल भाऊबंदांनीच," मागून एक म्हातारबा म्हणाले. सभेला पटलं.

एक आजी उठल्या. "आवं मास्तर, कडी आतनं हाय का भायेरनं?"

हे मला कधीच सुचलं नव्हतं. "आतून असावी."

"मग काढ म्हनावं की त्येला!"

"तो बाहेर येणार नाही!" माझा आवाज चढला. "आला तर साहित्य संपेल!"

"संपू द्या की," सुभेदार शांतपणे म्हणाले. "मानूस वाचला म्हंजे झालं."

मग मी पेटलो. तत्त्वज्ञान काय, विश्वाचं मौन काय, सगळं ओरडून सांगितलं. गाव तसूभर हललं नाही. शेवटी सुभेदारांनी ठराव मांडला: रोज दोघं आळीपाळीनं त्याच्यापाशी जाऊन बसतील. हात वर झाले. माझा एकट्याचा खाली.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांनी विचारलं, "कसं झालं?"

मला बोलता येईना. त्यांचा चेहरा पडला. "पुन्हा तेच?"

"घसा बसलाय," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "भांडून."

"मग घसा सुटला की तास घ्या," ते म्हणाले. रजेचा अर्ज त्यांनी मागितला नाही.

नव्या व्याख्यात्यांना माझा एकच सल्ला असतो. एकटेपणावर बोलायचं असेल, तर शक्यतो श्रोते बोलावू नयेत.